जर्सी कुणाची?

तुमच्या ऑफिसची क्रिकेट टीम आहे ना? असणारच. वर्षातून एकदा टर्फ बुक होतं, एचआरवाले पिझ्झा मागवतात आणि सगळ्यांना जर्सी मिळते. छातीवर कंपनीचा लोगो, पाठीवर तुमचं नाव आणि आवडता नंबर. आता एक साधा प्रश्न. उद्या तुम्ही पेपर टाकलेत, तर ती जर्सी कुणाची?

“माझीच की!” म्हणाल. बरोबर आहे. जर्सी तुमचीच. टीम मात्र तुमची नाही. एवढी सोपी गोष्ट, पण ती माझ्या डोक्यात शिरायला दोन क्लब बंद पडावे लागले. एक मुंबईतला, दुसरा थेट मेलबर्नमधला.

मी भिवंडीचा. भिवंडी म्हटलं की लोकांना पॉवरलूम आठवतात आणि ट्रॅफिक आठवतो. आताशा गोडाऊनही आठवतात. तुम्ही रात्री अकराला ऑनलाइन मागवलेलं मोबाइलचं कव्हर बहुधा आमच्याच कुठल्यातरी शेडमधून निघतं. २००५ साली मला नरिमन पॉइंटला एका बॅक ऑफिसात नोकरी लागली, तेव्हा मात्र गोडाऊनपेक्षा लूमचाच आवाज जास्त होता. क्लायंट मेलबर्नचा. त्यामुळे शिफ्ट पहाटे साडेचार ते दुपारी दीड. रात्री तीनला कल्याण नाक्यावर सुमो यायची. लूमवरची रात्रपाळीची पोरं चहा पीत उभी असायची, त्यांच्याशेजारी मी टाय लावून. कुणाची पाळी संपतेय आणि कुणाची सुरू होतेय, काही कळायचं नाही.

या उलट्यापालट्या शिफ्टचा एक फायदा होता. दुपारी दीडला सुटलं की अख्खी दुपार आपली! बाकीचे ड्रॉपच्या गाडीत बसून झोपून जायचे. मी गाडी सोडायचो आणि चालत कूपरेजला जायचो. तिथे महिंद्रा युनायटेडची मॅच असायची.

नव्या मंडळींना हे नाव कदाचित माहीतही नसेल. पण एकेकाळी मुंबईत हाच सगळ्यात मोठा फुटबॉल क्लब होता. सुरुवात १९६२ची. तेव्हा नाव महिंद्रा अँड महिंद्रा, म्हणजे सरळसरळ कंपनीचीच टीम. जीप बनवणारी कंपनी म्हणून टीमलाही ‘जीपमेन’ म्हणत. मुंबईत त्या काळी हीच रीत होती. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया... पोरगा चांगला खेळला की त्याला नोकरी लागायची, आणि नोकरी लागली की आई-बाप त्याला खेळू द्यायचे. २०००मध्ये नाव बदलून महिंद्रा युनायटेड झालं. ड्युरँड कप १९९८, २००१ आणि २००८ असा तीनदा. फेडरेशन कप २००३ आणि २००५. आयएफए शील्ड २००६ आणि २००८. कंपनीच्या टीमसाठी हे थोडंथोडकं नाही.

आणि २००५-०६चा तो सीझन! राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६मध्ये सुरू झाली तेव्हापासून ट्रॉफी फिरत होती ती पंजाब, कोलकाता आणि गोव्यातच. मुंबईकडे कुणी बघतही नव्हतं. त्या वर्षी कोच डेरिक परेरांच्या टीममध्ये मोहन बागान गाजवून आलेला ब्राझीलचा बरेटो होता, घानाचा युसिफ याकुबू होता आणि आपला मुंबईचा स्टीव्हन डायस विंगवर होता. ईस्ट बंगालला मागे टाकून महिंद्राने लीग जिंकली. महाराष्ट्राच्या क्लबने ती लीग जिंकण्याची ही पहिली वेळ. आणि शेवटचीही, कारण पुढच्याच सीझननंतर ती लीग बंद होऊन आय-लीग आली.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. फॅशन स्ट्रीटवरून एक लाल टी-शर्ट घेतला होता. ओरिजिनल जर्सी कुठे मिळायची, हेच माहीत नव्हतं. स्टँड अर्धाही भरायचा नाही. पण जे यायचे ते नेहमीचेच, तोंडओळखीचे. कुणी बँकेतला शिपाई, कुणी वांद्र्याचे रिटायर्ड अंकल, कुणी कॉलेजला बंक मारलेली पोरं. गोल झाला की अनोळखी माणसाच्या गळ्यात पडायचं, मॅच संपली की नावही न विचारता निघून जायचं. मला ते फार आवडायचं. ऑफिसात मी एम्प्लॉयी नंबर होतो, घरी ‘शिकलेला मुलगा’ होतो. कूपरेजवर मी फक्त ‘आमच्यातला’ होतो.

एकदा अण्णांना घेऊन गेलो. अण्णा म्हणजे माझे वडील. लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. मूळचे कबड्डीपटू. कबड्डीच्या जोरावरच बदली कामगार म्हणून लागले आणि पुढे गिरणीच्या संघातून खेळले. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले. अण्णांची गिरणी पुन्हा नीट उघडलीच नाही. मुंबईतलं कापड भिवंडीच्या लूमवर यायला लागलं, आणि कापडामागून अण्णाही आले. इथे पगार नाही, जेवढं कापड विणाल तेवढी मजुरी. संघ-बिंघ तर सोडाच.

मॅच बघता बघता अण्णांनी विचारलं, “या पोरांना पगार कोण देतं?”

“कंपनी.”

“मैदान?”

“भाड्याचं असणार.”

“आणि तू कोण यातला?”

मला हसू आलं. “मी फॅन, अण्णा.”

“म्हणजे काय?”

आता काय सांगणार? म्हटलं, “म्हणजे टीम आपली.”

अण्णा काही बोलले नाहीत. परतताना कल्याण लोकलमध्ये, गर्दी जरा कमी झाल्यावर म्हणाले, “आमच्या संघाचे कप गिरणीच्या आत एका कपाटात होते. सतरा कप. कपाटाची किल्ली टाइमकीपरकडे. संप झाला, गेट बंद झालं. कप आम्ही जिंकलेले, पण बघायलासुद्धा आत सोडलं नाही आम्हाला.” मग खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, म्हातारपणी माणूस जुनं काहीतरी आठवतंच. मी मोबाइल काढून मेसेज टाइप करायला लागलो.

२००७मध्ये महिंद्राची टीम एएफसी कपच्या क्वार्टर फायनलपर्यंत गेली. त्याच वर्षी नेहरू कपच्या फायनलमध्ये भारताने सीरियाला १-० हरवलं, तो गोल एन. पी. प्रदीपचा, आणि प्रदीप महिंद्राचा! ऑफिसात मी पेढे वाटले. फुटबॉल कुणी बघत नव्हतं, पण पेढे सगळ्यांनी खाल्ले.

आणि मग २०१०. सीझन चालू असतानाच बातमी आली, हा सीझन संपला की टीम बंद. कंपनी यापुढे शाळकरी मुलांच्या फुटबॉलवर लक्ष देणार होती. वाईट हेतू नव्हता. खरं सांगायचं तर ज्या कंपनीने अठ्ठेचाळीस वर्षं एक टीम पोसली, तिचे आभारच मानायला हवेत. तिकिटांचे पैसे कितीसे येणार? टीव्हीचे तर जवळपास नाहीतच. मीही ऑफिसात एक्सेलच्या शीट बनवतो. कॉस्ट म्हणजे काय, मला कळतं.

पण तरीही पोटात खड्डा पडलाच. कुणावर चिडायचं तेच कळेना. मोर्चा कुणावर काढायचा? आपण कोण? मेंबर नाही, शेअरहोल्डर नाही, एम्प्लॉयीसुद्धा नाही. आमच्याकडे फक्त तिकिटाचे तुकडे होते. आणि स्टँडमधल्या त्या लोकांची तर नावंसुद्धा मला माहीत नव्हती. टीम गेली तशी तीही माणसं गेली. आजवर त्यांच्यातलं कुणी पुन्हा भेटलेलं नाही. मला जास्त लागलं ते हेच.

त्या दिवशी शिफ्टमध्ये माझा मूड बघून आमच्या मेलबर्नच्या मॅनेजरने विचारलं, काय झालं? मी सांगितलं. चॅट विंडोमध्ये बराच वेळ काही आलं नाही. मग त्याने एक लांबलचक मेल टाकली. विषय एका शब्दाचा: फिट्झरॉय.

आता ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल हा काय प्रकार आहे ते थोडक्यात सांगतो. मैदान क्रिकेटसारखं अंडाकृती, बॉलही अंडाकृती. एका बाजूला अठरा खेळाडू. बॉल लाथेने मारा, मुठीने ठोसा, हातात घेऊन पळा, समोरच्याच्या खांद्यावर चढून कॅच घ्या! टोकाला चार खांब. मधल्या दोन खांबांतून बॉल गेला तर सहा गुण, बाजूने गेला तर एक. आपल्याकडे गल्लीगल्लीत क्रिकेट, तसं मेलबर्नच्या उपनगराउपनगरात हे. गाव एकच, पण प्रत्येक वस्तीचा क्लब वेगळा आणि रंग वेगळे.

फिट्झरॉय हे त्यातलंच एक उपनगर, जुन्या कामगार वस्तीचं. क्लब १८८३चा. १८९७मध्ये तिथली मोठी लीग सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ क्लबांत हा होता. आठ वेळा चॅम्पियन, पण शेवटचं विजेतेपद १९४४चं. पुढे वस्ती बदलली, घरच्या मैदानावरचे सामने गेले, दुसऱ्यांच्या मैदानांवर भाड्याने खेळायची वेळ आली आणि कर्ज वाढत गेलं. गंमत बघा, हे कर्ज होतं नाउरू नावाच्या प्रशांत महासागरातल्या इवल्याशा देशाच्या विमा महामंडळाचं! १९९६मध्ये त्यांनी वसुलीसाठी प्रशासक नेमला आणि सीझन संपताच फिट्झरॉयची मोठ्या लीगमधली टीम ब्रिस्बेनच्या क्लबमध्ये विलीन करायचं ठरलं. मेलबर्नमधली शेवटची मॅच रिचमंडशी. १५१ गुणांनी हरले. त्यानंतर एक मॅच पर्थला, १ सप्टेंबर १९९६ला. तीही हरले. बस्स. खेळ खल्लास.

माझा मॅनेजर त्या मेलबर्नच्या मॅचला होता. वडिलांबरोबर. हरताना लोक उठून गेले नाहीत, असं त्याने लिहिलं होतं.

इथपर्यंत त्याची गोष्ट माझ्यासारखीच. पुढची वेगळी. फिट्झरॉयला मेंबर होते. वर्षाची वर्गणी भरणारे, सभेला येऊन भांडणारे. टीम गेली, पण क्लब नावाची संस्था कागदावर उरली होती. मेंबरांनी ती मरू दिली नाही. काहीजण ब्रिस्बेन लायन्सचे फॅन झाले, काहींनी त्या नावाकडे पुन्हा बघितलंच नाही. दोन्ही बाजूंची घराघरांत भांडणं झाली. पण संस्था टिकली. बारा वर्षांनी, २००८च्या शेवटी, हौशी लीगमधल्या एका छोट्या क्लबशी त्यांनी हात मिळवला आणि २००९पासून फिट्झरॉय पुन्हा खेळायला लागला. त्याच जुन्या रंगात, त्याच जुन्या ब्रन्सविक स्ट्रीटच्या मैदानावर. ना मोठा टीव्ही, ना मोठा पैसा. मैदानाच्या कडेला उभं राहून ओरडायचं, एवढंच. मेलच्या शेवटी त्याने एक ओळ लिहिली होती, तिचा अर्थ असा: लीगमधली जागा त्यांनी घेतली, पण मेंबरांची यादी आमच्याकडेच होती.

मी ती मेल घरी जाऊन अण्णांना मराठीत सांगितली. अण्णांनी सगळं ऐकलं आणि एकच बोलले, “म्हणजे कपाटाची किल्ली त्यांच्याकडे होती.”

हे फक्त परदेशातच होतं असं समजू नका हं. मोहन बागान घ्या. १८८९चा मेंबरांचा क्लब. २०२०मध्ये त्याच्या नावापुढे एटीके ही तीन अक्षरं लागली, तेव्हा समर्थकांनी तीन वर्षं डोकं खाल्लं, आणि २०२३मध्ये ती अक्षरं काढावी लागली. आणि आपल्याकडे? पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारी पंजाबची जेसीटी २०११मध्ये बंद. २००७मध्ये सुरू झालेला मुंबई एफसी २०१७मध्ये बंद. पुण्याचा पुणे एफसीसुद्धा गेला. प्रत्येक वेळी आपण दोन दिवस हळहळलो आणि तिसऱ्या दिवशी मँचेस्टर युनायटेडची मॅच लावली. मीही लावली. खोटं कशाला बोलू?

पण त्या मेलनंतर एक गोष्ट मी केली. भिवंडीत शुक्रवारी कारखाने बंद असतात. सकाळी सहा ते आठ, आमच्या मागच्या मोकळ्या मैदानात लूमवरची पोरं फुटबॉल खेळायची. कुणी अन्सारी, कुणी पद्मशाली, कुणी आपली कोकणातली. एका शुक्रवारी मी दोनशे पानी वही घेऊन गेलो. म्हटलं, दर महिन्याला प्रत्येकी वीस रुपये, बॉल आणि हवेचा पंप त्यातून. नाव, सही, तारीख. पोरं हसली. “भाई, बिशी आहे काय ही?” पण भरले. पहिलं नाव अण्णांचं आहे. म्हणाले, “खेळत नाही, पण मेंबर तर होऊ शकतो ना?”

आज तिसरी वही चालू आहे. आमच्या ग्रुपला अजून नाव नाही. नावावर एकमतच होत नाही! मैदान दोनदा बदललं, कारण दोन्ही ठिकाणी गोडाऊन उभी राहिली. त्यांतल्या एका गोडाऊनमध्ये आमचाच गोलकीपर सुपरवायझर आहे. मी बॅक ऑफिस केव्हाच सोडलं. शुक्रवारी घरूनच काम करतो, आठला मैदानातून येतो आणि नऊला घामाच्याच टी-शर्टवर लॅपटॉप उघडतो. कॅमेरा बंद, अर्थात.

मागच्या वर्षी एक माल साठवणारी कंपनी आमच्याकडे आली. जर्सी देऊ, बूट देऊ, टर्फचं भाडं देऊ. फक्त टीमला नाव आमचं आणि खेळाडू कोण ते आम्ही ठरवू. पोरं जाम खूश. का नसणार? अनवाणी खेळणाऱ्या पोराला बूट नको असं मी कुठल्या तोंडाने सांगू? मी महिंद्राची गोष्ट सांगितली, फिट्झरॉयची सांगितली. एकजण म्हणाला, “दादा, तुमच्या महिंद्राने निदान लीग तरी जिंकली. आपण काय जिंकलो?”

खरंच, काय जिंकलो? उत्तर नव्हतं माझ्याकडे. हात वर करून मतदान झालं. ठरलं असं की जर्सीवर कंपनीचं नाव चालेल, पण वही आपल्याकडे आणि टीम आपण निवडणार. कंपनीला तसं कळवलं. उत्तर आलं नाही. अजूनही आलेलं नाही. दोन पोरं रुसून दुसरीकडे गेली. एक तर आमचा सगळ्यात चांगला स्ट्रायकर होता. म्हणजे मी बरोबर होतो की हट्टी, हे अजून मला नक्की माहीत नाही.

टर्फ स्वतःच्या पैशाने घ्यायचं तर वर्गणी वाढवावी लागली, शंभरावरून दीडशे. तीन पोरांना ते परवडेना. कापडाला उठाव नाही, लूम आठवड्यात तीन-चार दिवसच चालतात. घरी आल्यावर मी अण्णांना म्हटलं, “त्यांचे मीच भरतो. साडेचारशे रुपये म्हणजे काय, एका पिझ्झाचे पैसे.”

अण्णा आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. ऐकू कमी येतं. पण हे नेमकं ऐकू आलं.

“तू भरू नकोस,” म्हणाले. “आज तिघांचे भरशील, उद्या दहांचे. मग टीम तुझी होईल. आणि तुझी बदली झाली की बंद.”

मी गप्प.

पुढच्या शुक्रवारी हा विषय सगळ्यांसमोर ठेवला. पाच मिनिटांत सुटला. तिघांपैकी एकजण पाण्याचे जार आणणार, एक जर्सी धुऊन आणणार, आणि तिसरा, ज्याचं अक्षर सगळ्यात चांगलं आहे, तो वही लिहिणार. रकान्यात पैशांच्या जागी काम लिहायचं. मेंबर तो मेंबर.

वही आता त्याच्या घरी असते. गेल्या शुक्रवारी मी उशिरा पोहोचलो तर त्याने माझ्या नावापुढे लाल पेनाने लिहिलं, ‘बाकी ₹१५०’. म्हटलं, “अरे, ही वही मी सुरू केलीय!”

“असेल दादा,” तो म्हणाला, “पण मार्चचे आले नाहीत.”

मी खिशातून पैसे काढले, सही केली आणि बूट बांधायला बसलो.